नानांचा नंबर

भूतबित सगळं झूट, असं म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव वाचून मी खाली खवचट कॉमेंटही टाकल्यात. आज त्या सगळ्यांची माफी मागून लिहितोय... हसायचं तर हसा.

कराडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं पाचगणीपासून म्हसवडपर्यंत पसरलेली. प्रत्येकाकडे गाडी मारत जाणं शक्य नाही, म्हणून दुकानात बसूनच त्यांच्या मशीनमध्ये शिरायचं एक रिमोट सॉफ्टवेअर वापरायचो. त्यात गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नऊ आकडी नंबर दिसतो. तो त्यानं फोनवर सांगायचा, मी टाकायचा, मग त्यानं 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं की मी आत.

म्हसवडचे नाना हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सैन्यात सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांच्या कामाला होते, रिटायर होऊन वीस वर्षं झालेली. बायको गेली, मूलबाळ नाही. घरी बसून आजूबाजूच्या माजी सैनिकांचे, त्यांच्या विधवांचे अर्ज कॉम्प्युटरवर फुकट भरून द्यायचे. आठवड्यातनं दोनदा तरी त्यांचा फोन ठरलेला. कधी प्रिंटर अडकला, कधी फाइल सापडत नाही... निम्म्या वेळा काहीच झालेलं नसायचं.

त्यांच्या मशीनचा नंबर कायम तोच. मला तोंडपाठ होता. तरी नाना दोन-दोन आकडे पाडून तो सांगणारच. "एक्केचाळीस... शून्य सात... अडुसष्ट... ल्ह्यून घेतलंस? आता परत म्हण." सैन्यातली सवय. मी सगळा नंबर परत म्हणेपर्यंत गडी पुढं सरकायचा नाही. मग "बराबर. ये आत," म्हणायचे आणि अ‍ॅक्सेप्ट दाबायचे. घराच्या दारात उभं राहून बोलवावं तसं!

गिऱ्हाइकं वाढली तसा या फोनाफोनीचा मला वैताग यायला लागला. गेल्या वर्षी तीन-चार सॉफ्टवेअर तपासली आणि त्यातलं एक निवडलं. त्यात नंबर नको, परवानगी नको, समोर माणूससुद्धा नको. मशीन चालू असलं की झालं. जुनं काढून टाकलं, नवं सगळीकडे बसवलं. नानांना सांगितलं, "आता मशीन बंद करू नका. मी माझा माझा येऊन बघून जाईन."

"म्हंजे न इचारता घरात शिरणार म्हण की," नाना म्हणाले. मी हसलो. मग हळूच म्हणाले, "आरं, पण तुजा फोन यील का न्हाई?"

"काम पडलं की करेन की," म्हणालो. कामच पडलं नाही. त्यांचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. मला बरंच वाटलं — खोटं कशाला सांगू?

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी सगळ्यांच्या मशीनवर अपडेट टाकत होतो. नानांच्या मशीनमध्ये शिरलो. समोर अर्धा भरलेला अर्ज. अपडेट संपत आलं, तेवढ्यात नव्या सॉफ्टवेअरची मेसेजची खिडकी उघडली. तिकडून आकडे उमटायला लागले... ४१... थोडं थांबून ०७... मग ६८... पूर्ण नऊ आकडे. जुन्या सॉफ्टवेअरचा नंबर.

मी लिहिलं, 'नाना, आता नंबर लागत नाही. काम झालंय.'

दोन मिनिटं काही नाही. मग परत पहिल्यापासून — ४१... ०७... ६८... माझ्या डोळ्यांसमोर, त्याच संथ चालीत. अजून बारा मशीन राहिली होती. मी खिडकी बंद करून त्यांच्या मशीनमधून बाहेर पडलो.

बुधवारी शेजारच्या पोपटरावांचा फोन आला. "आवं, नाना गेलं. सैपाकघरात पडल्यालं. दाराला आतनं कडी, तोडून आत शिरलो." मी तसाच म्हसवडला गेलो. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, चालूच होता. डॉक्टर म्हणाले, रविवारी रात्रीच गेले असणार.

रविवारी.

मेसेज माझ्याकडे अजून आहेत. मंगळवार, दोन वेळा तो नंबर आणि मध्ये माझं ते मूर्ख उत्तर. व्हायरस नव्हता, दुसरं कोणी आत शिरल्याची नोंद नव्हती, सगळं तपासलं. एका मित्रानं समजूत घातली, "अरे, डॉक्टरांचा अंदाजच तो. एखाद-दोन दिवस चुकूही शकतो." त्याला वाटलं, मला धीर येईल.

म्हणजे मंगळवारी नाना जिवंत होते? सरपटत टेबलापर्यंत आले, नंबर दिला आणि मी परत म्हणायची वाट बघत बसले? मग 'मदत' एवढं तरी का नाही लिहिलं? मग स्वयंपाकघरात परत कसे गेले? मला काही सांगता येत नाही. एक फोन केला असता तर कळलं असतं, एवढंच कळतं.

मी परत जुनं सॉफ्टवेअर घेतलंय. गिऱ्हाइकं कुरकुरतात, तरी प्रत्येकाकडून नंबर घेतो आणि परत म्हणून दाखवतो. त्यानं आता काय होणार...

जन्मभर भुतांना हसलो. आता रोज हात जोडून एवढंच मागतो — त्या दिवशी पलीकडे होतं ते भूतच असू दे.