हंबीररावांचं कॅरिअर

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हंबीररावांची जुनी ट्रॅक्स जीप उभी असते. तिच्या टपावरचं कॅरिअर म्हणजे गल्लीच्या चेष्टेचा हक्काचा विषय. लोकांच्या टपावर बॅगा असतात, फार तर लग्नातलं रुखवत. यांच्या टपावर दोन पिवळ्या होड्या. मुलगा सम्राट सुट्टीच्या दिवशी तलावावर पर्यटकांना त्या चालवायला शिकवायचा. "होडी न्हवं, कयाक म्हणायचं," असं तो प्रत्येकाला सांगायचा. गल्ली होडीच म्हणत राहिली. बंद डब्यासारखी आतून पोकळ आणि वर बसायला खोलगट जागा, अशी ती वस्तू होती.

हंबीररावांनी उमेदीची सगळी वर्षं बिद्रीच्या कारखान्याला ऊस ओढला. ट्रकवर मोळ्या रचायच्या, वरून दोर टाकायचा, दोरात दांडकं घालून तो कुरकुरेपर्यंत पीळ द्यायचा. आपला ट्रक कधी सांडला नाही हे ते कुणी न विचारता सांगत. माणूस तिरसट, पण बांधाबांधीचं काम निघालं की पेठ त्यांच्याच दारात. मंडळाचा गणपतीसुद्धा ट्रॉलीवर तेच बांधत आणि पोरांना शिव्या देत देत बांधत.

पहिलं कॅरिअर सम्राटनं केलं होतं. गोल पाइप, त्यांवर फोमच्या नळ्या, वरून रुंद पट्टे. एकदा गगनबावड्याच्या वाटेवर कयाक सरकून टपावर आडवी झाली. पडली नाही, पण हंबीररावांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोम उपटून फेकला, पाइप कापले आणि गॅरेजवाल्याकडून लोखंडी अँगल वेल्ड करून घेतले. पट्ट्यांच्या जागी उसाचा दोर आला, आणि दांडकंही.

"आबा, एवढं आवळू नगासा. पिलास्टिक हाय ते. उन्हात मऊ पडतंय."

"मऊ गादीवर भार ठरत न्हाय. मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोस्क्यात पडली म्हंजे?"

सम्राट मग दोराचं दुसरं टोक धरायचा. बापापुढं जास्त बोलायची आमच्याकडं रीत नाही. आणि बाप हटवादी होता तरी त्याला भीती एकच होती, की पोराच्या वस्तूनं कुणाचा जीव जायला नको.

मग पूर आला. शिरोळकडच्या एका मळ्यात नीलम्मा नावाची म्हातारी घराच्या माळ्यावर एकटी अडकली होती. मोठ्या बोटी दुसरीकडं गुंतल्या होत्या, म्हणून सम्राटला फोन आला. सोबतीला मित्र येणार होता, म्हणून दोन्ही कयाक घेतल्या. हंबीररावांनी भर पावसात त्या बांधल्या, नेहमीपेक्षा घट्ट, आणि गाडी स्वतः चालवली. मित्र पोचलाच नाही. सम्राट एकटा एक कयाक घेऊन पाण्यात गेला. परतताना त्यानं आपलं लाइफ जॅकेट म्हातारीच्या अंगात घातलं होतं. बांधावर उभ्या असलेल्या बापाच्या डोळ्यांदेखत कयाक कलंडली. नीलम्मा झाडाला अडकून वाचली. सम्राट पाणी उतरल्यावर सापडला. ती कयाक काही मिळाली नाही.

नीलम्मा भेटायला आली, सम्राटच्या आईचे, आक्काताईंचे हात धरून रडली. म्हणाली, "पोरगं चांगलं वल्हवत हुतं. कुठं आदळलं न्हाय. बोटच जड जड हुत गेली बघा, आन् बसली."

म्हातारी भेदरलीय, धारेला ओढ होती, असं सगळे म्हणाले. हंबीररावांनी मात्र तिला पुन्हा विचारलं, "कुठंच आदळली न्हाय?"

"न्हाय, दादा."

ते उठून बाहेर गेले.

दुसरी कयाक अजून टपावर तशीच होती. तेरावं झाल्यावर आक्काताई म्हणाल्या, "ती खाली काढा. मला बघवत न्हाय." हंबीरराव टपावर चढले. पावसानं फुगलेली गाठ त्यांना सुटेना. शेवटी आक्काताईंनी घरातून विळा आणला आणि दोर कापला. आम्ही शेजाऱ्यांनी कयाक खाली घेऊन पालथी केली.

तिच्या पोटावर अँगलच्या रुंदीचे दोन खोल वळ होते. एका वळात चीर गेली होती. माझं नख तिच्यात सहज शिरलं. अशी चीर पडली की पाणी आतल्या पोकळीत भरतं, वर बसलेल्याला पत्ता लागत नाही. हे आम्हाला सम्राटनंच कधीतरी सांगितलं होतं. बुडालेली कयाकही याच अँगलांवर आवळलेली असायची.

हंबीररावांनी त्या चिरेवरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवत राहिले.

"पाण्यानं न्हेला न्हाय गं त्येला," ते बायकोला म्हणाले. "म्या न्हेला."

कुणीतरी नाही म्हणेल म्हणून मी इकडंतिकडं बघितलं. आक्काताईंच्या हातात कापलेल्या दोराचा तुकडा होता.

"पोरगं सांगत हुतं की तुमास्नी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

यंदा गणपती ट्रॉलीवर पोरांनीच बांधला, जरा सैलच. हंबीरराव दारात उभे राहून बघत होते. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही.