सरलाबाईंच्या हाताखाली बंद पडणारा कॉम्प्युटर

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका साडी छापायच्या कारखान्यात सरलाबाई काठ-पदरांची नक्षी काढायच्या. मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा दगा तिथेच रंगखात्यात. दिवाळीला दारात काढलेली त्यांची रांगोळी बघून मालक मगनभाई शेठने त्यांना नक्षीच्या टेबलाशी बसवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मोर, कोयऱ्या, वेली त्यांच्या ब्रशातून उतरत राहिल्या. नव्याण्णव साली शेठने कॉम्प्युटर आणला. बाई घाबरल्या नाहीत. माउस धरायला शिकल्या आणि थोड्याच दिवसांत पडद्यावर मोराची मान वळवू लागल्या.

पण एक विचित्रच होऊ लागलं. दुसरा डिझायनर योगेंद्र त्याच मशीनवर दिवसभर बसला तरी काही होत नसे. बाई बसल्या की काही वेळाने पडदा काळा, केलेलं काम गायब. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर त्या दगाला म्हणाल्या, "त्याला माझा हात मानवत नाही." आणि जुने ब्रश धुऊन त्यांनी परत टेबलावर मांडले.

शेठने दुरुस्तीसाठी एका दुकानात निरोप धाडला. आली हर्षदा, जवळच्याच उधन्यात वाढलेली, मूळची धुळ्याकडची पोरगी. बाईंच्या बोलण्यातली आपल्याकडची बोली कानावर पडताच तिने त्याच बोलीत विचारलं, "काय व्हयनं मावशी?"

सगळं ऐकून तिने मशीन बंद केलं, पेटीची एक बाजू उघडली. आतल्या छोट्या पंख्यात धाग्यांची लव अडकून तिचा बोळा झाला होता. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना बाईंनी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. इस्त्रीसारखी तापली होती. हर्षदाने ती पाती जपून उचलली. खाली तळहातात मावेल असा चौकोनी तुकडा.

"हा प्रोसेसर. तुम्ही मोराचं पीस वळवता ना, ते सगळं काम हा करतो."

"सगळे मोर एवढ्यातून जातात?"

"सगळे."

बाई पदर सावरून वाकल्या आणि देवघरात बघावं तशा बघत राहिल्या.

हर्षदाने लव काढली, तुकड्यावर नवी पांढरी पेस्ट लावली, सगळं परत बसवून मशीन सुरू केलं. एक निळा पडदा आला. त्यावर एक्केचाळीस आकडा होता. कुणी कशाला हात लावला नव्हता, तरी तो बेचाळीस झाला.

"हे कोण लिहितं?"

"तोच. स्वतःचा ताप स्वतःच मोजतो. फार चढला तर जळू नये म्हणून आपणहून बंद होतो."

बाईंनी पुन्हा त्या आकड्याकडे पाहिलं. म्हणजे तो त्यांच्यावर रुसत नव्हता, जीव वाचवत होता.

"मग योगेंद्रच्या वेळी का नाही?"

"तुम्ही काम कसं करता ते दाखवा बरं."

बाईंनी एक रेघ ओढली, हात मांडीवर ठेवले आणि पुढची रेघ मनात येईपर्यंत बसून राहिल्या. बराच वेळ गेला. पडदा मिटला, पंख्याची घरघर थांबली. मग त्यांनी माउस हलवला. पडदा जागा झाला, पंखा मात्र तसाच.

हर्षदा हसली. "काम थांबलं की झोपायचं आणि पंखाही बंद करायचा, अशी सेटिंग आहे यात. झोपेतून उठताना सुरुवातीचा जोर मिळत नाही, म्हणून हा झिजलेला पंखा फिरतच नाही. योगेंद्रभाई मध्ये थांबत नाहीत, म्हणून त्यांना कळलं नाही." तिने ती सेटिंग काढून टाकली, पंखाही नवा बसवला.

त्या दिवशी बाईंनी अख्खा पिसारा फुलवला. मध्ये हवा तेवढा वेळ थांबत, विचार करत. संध्याकाळी दगाला बोलावून त्याचा तळहात पेटीच्या मागे धरला. बोटांमधून उबदार वारा वाहत होता. जन्मभर उकळत्या टाक्यांपाशी उभा राहिलेला तो माणूस हळूच म्हणाला, "यात जाळ कुठे आहे?"

बाईंनी आपलाही हात त्याच्या हाताशेजारी वाऱ्यात धरला. शेठ दिवे मालवायला येईपर्यंत दोघं तसेच उभे होते.