एक्केचाळीस नट

मिस्त्रींना पाणी हवं असलं की ते "किल्ली" म्हणत. चष्म्याला "बस" म्हणत, आणि बायकोला "दादा". अर्धांगवायूचा झटका येऊन अडीच वर्षं झाली होती. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटत राहिला, आणि शब्दांची पार सरमिसळ झाली. माणूस आतून शाबूत होता, सगळं समजत होतं, पण बोलायला जावं एक आणि तोंडातून निघावं भलतंच. कधी "हो" म्हणायचं असताना "नाही" निघायचं, आणि मग स्वतःवरच चिडायचे.

त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत कामाला होती. तिथे तिला सगळे ताई म्हणत. त्रेपन्न वर्षांची. दिवसाला तीन-चारशे चादरी मशीनमधून काढायच्या, झटकायच्या, घड्या घालायच्या. घरी आली की ती आधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसे, पायांची सूज बोटाने दाबून बघे, आणि मगच कुलूप उघडे. नवऱ्याच्या उलट्यासुलट्या शब्दांचा कोश तिने डोक्यात भरून ठेवला होता. पण दमलेल्या माणसाला कोशसुद्धा वेळेवर उघडत नाही.

त्याच जिन्याखाली मिस्त्रींची मोटरसायकल उभी होती. तीस वर्षं त्यांनी दुनियेच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतःची म्हणून हीच एक. झटका आला त्या दिवशी तिच्यात अर्धी टाकी पेट्रोल होतं. तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

घरमालकांनी इमारत रंगवायला काढली आणि दारावर चिठ्ठी लावली. बंद गाड्या पंधरा दिवसांत हलवाव्यात. चालू असेल तर राहू द्या, नाहीतर भंगारात द्या. ताईने चिठ्ठी वाचली आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तिने भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाल्याने टाकीवर हात ठेवला तोच आतून काठी आपटल्याचा आवाज आला. मिस्त्री भिंतीला धरून दारापर्यंत आले होते. चेहरा लाल झालेला.

"टाकी!" ते म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. "टाकी. टाकी."

भंगारवाल्याने काढता पाय घेतला. ताई तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अडीच वर्षांत तुम्हाला माझं नाव आलं नाही, पाणी म्हणता आलं नाही," ती म्हणाली. "आणि टाकी बरोबर येते होय?"

मिस्त्री हसले. ताईलाही हसू आलं, आणि त्यातच ती फसली. नाही म्हणायचं राहून गेलं.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री जिन्याजवळ खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने एकेक दाखवत गेले. सीट काढ. मागचा बोल्ट. पेट्रोलची नळी. टाकी सुटली तेव्हा तिच्यातून पेट्रोलचा नाही, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला. ताईने ते तपकिरी पाणी डब्यात काढलं, गॅरेजवाल्याकडे पोचतं केलं आणि बॅटरी लावून आत पाहिलं. वरच्या भागात गंजाचे पोपडे आले होते. खाली, पेट्रोल जिथपर्यंत होतं तिथपर्यंत, डिंकासारखा चिकट थर वाळून बसला होता. मिस्त्री ह्याला व्हार्निश म्हणत. म्हणजे पूर्वी म्हणत. आता ते "सासू" म्हणाले.

"सासूच आहे," ताई म्हणाली. "सुटता सुटत नाही."

व्हार्निशला थिनर लागला. दोन दिवस टाकीत थिनर ठेवून रोज कामावरून आल्यावर ती हलवायची, पालथी करायची, काळं पाणी ओतायची. मग साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली. पेट्रोलचा वास गेला. नंतर गंजासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व. पोपडे ओले झाले, पण जागचे हलेनात. मिस्त्रींनी आपल्या अवजारांच्या खोक्यातून मूठमूठ नट काढले आणि टाकीच्या तोंडाकडे बोट केलं. नट आत टाकायचे आणि टाकी हलवायची, म्हणजे ते आतून घासतात. ताईने एक्केचाळीस नट मोजून टाकले, नळीच्या भोकाला रबरी बूच लावलं, झाकण घट्ट केलं, आणि टाकी कडेवरच्या पोरासारखी धरून हलवायला लागली. दहा मिनिटांत उजवा खांदा भरून आला. मिस्त्री डाव्या हाताने हवेत गोल गोल दाखवत राहिले. अजून. अजून.

"माझा खांदा काय भाड्याने आणलाय?" ती म्हणाली, आणि टाकी जमिनीवर ठेवून दिली.

पण ते गोल गोल तिच्या डोक्यातून जाईना. लाँड्रीच्या कोपऱ्यात कपडे वाळवायचं एक जुनं मशीन होतं. त्याची गरम व्हायची कॉइल वर्षापूर्वी जळाली होती, पण पिंप फिरायचं. दुसऱ्या दिवशी ताईने टाकी आतल्या पाणी-नटांसकट पिशवीत घालून नेली. जेवणाच्या सुट्टीत ती दोन फाटक्या ब्लँकेटांत गुंडाळली, दोरीने आवळून बांधली, चहूबाजूंनी टाकाऊ उशा कोंबल्या आणि बटण दाबलं.

असला आवाज झाला की वरच्या मजल्यावर रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारलं, काय कोसळलं? बॉयलरवाला धावत आला. त्याच्या मागोमाग लाँड्रीच्या इन्चार्जबाई आल्या.

"आत काय आहे?" इन्चार्जबाईंनी विचारलं.

"टाकी," ताई म्हणाली.

"कसली टाकी?"

"ह्यांच्या मोटरसायकलची."

इन्चार्जबाईंनी वाकून मशीनमध्ये पाहिलं. मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. पेट्रोलची टाकी? इस्पितळात? आग लागली असती तर? ताई म्हणाली की वास गेलाय, तीनदा धुतलीय, कॉइलही बंद आहे. पण बोलता बोलता तिलाच आपलं बोलणं पोरकट वाटायला लागलं. तिच्याकडून लेखी माफी घेतली, आणि सुट्टी झाल्यावर पिंप आतून पुसून जायला सांगितलं. मशीन तोवर चाळीस मिनिटं फिरलं होतं. सगळं बोलण्यात बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

घरी आली तेव्हा ताईच्या अंगात त्राण नव्हतं. तिने बूच काढून लाल पाणी ओतलं, नट टोपलीत पाडले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली. आत बॅटरी मारली तर पत्रा नव्या भांड्यासारखा चकचकत होता.

मिस्त्री खुर्चीतून ओणवे झाले. "चहा," ते म्हणाले. "चहा. चहा!"

तिने चहा करून आणला. त्यांनी कप ढकलला. "चहा!"

"समोर ठेवलाय ना! प्यायचा तर प्या, नाहीतर राहू द्या," म्हणून ती आत गेली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी झोपली.

सकाळी टाकी आतून हळदीसारखी पिवळी झाली होती. ओला पत्रा, वर तेलाचा हात नाही. गंज परत आला होता.

ताई पायरीवर बसली. रडायला आलं नाही, तेवढीही ताकद नव्हती. मिस्त्री तेलाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा दाखवून ते हळूच म्हणाले, "चहा."

"चहा म्हणजे तेल, हे मी कसं ओळखावं?" ती ओरडली. "मी दिवसभर लोकांच्या चादरी धुते, घरी येऊन तुमचे शब्द धुते! मला नाही जमत आता. द्या ती भंगारात."

त्या दिवशी ती जेवणाचा डबा न घेताच कामावर गेली. परत आली तेव्हा जिन्याजवळ फरशीभर पाणी होतं आणि मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले होते. टाकी दोन गुडघ्यांत धरून, एका हाताने मग लावून, त्यांनी तिच्यात लिंबूसत्त्वाचं पाणी भरलं होतं. निम्मं आत, निम्मं त्यांच्या लेंग्यावर. ताईने त्यांना उठवलं, लेंगा बदलला, फरशी पुसली. मग दोघांनी मिळून टाकी रिकामी केली. पिवळेपणा गेला होता. या वेळी तिने शेजारणीचं केस वाळवायचं यंत्र आणलं, टाकी गरम होईपर्यंत वाळवली आणि लगेच तेल ओतून फिरवलं.

तरी आत काहीतरी खुळखुळत होतं. टोपलीतले नट मिस्त्रींनी डाव्या हाताने एकेक करून पलीकडे टाकायला घेतले. "एक, दोन, तीन..." ताईचा हात थांबला. आकडे ओळीने आले की ते चुकत नव्हते. चाळीसपर्यंत एकही न अडखळता गेले, मग थांबले आणि टाकीकडे पाहिलं. दोऱ्याला लोहचुंबक बांधून ताईने शेवटचा बाहेर काढला.

"एक्केचाळीस," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. तिने उगाच म्हटलं, "परत मोजा." त्यांनी परत मोजले.

पुढच्या सुट्टीला बॉयलरवाला आपणहून आला. त्याने कार्ब्युरेटर साफ केला, नवी नळी घातली, टाकी बसवली. सातव्या किकला गाडी सुरू झाली आणि जिनाभर निळा धूर झाला. घरमालक खोकत खाली आले, गाडी चालू आहे हे त्यांनी पाहिलं आणि खोकतच वर गेले.

बस बंद झाल्यापासून बॉयलरवाला तासभर चालत कामावर यायचा. ते मिस्त्रींना ताईनेच कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"द्यायची?" ताईने विचारलं. "नाही," ते म्हणाले, आणि मान मात्र होकाराची हलवली. तिने तीनदा विचारलं. शेवटी कागदावर दोन चित्रं काढून पुढे केली, एका बाजूला गाडी आपल्याकडे, एका बाजूला बॉयलरवाल्याकडे. मिस्त्रींनी बोट ठेवलं ते त्याच्यावरच.

ताईचा खांदा पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही. पाळी जुळली की बॉयलरवाला तिला घरी सोडतो. मिस्त्री खिडकीत बसलेले असतात, आवाज ऐकून कपाळाला आठी घालतात आणि त्याला हाताने थांबवून घेतात. मग दोघं इंजिनावर वाकून बसतात. ताई तोवर चपला काढून आडवी होते.