मंगळवारचं विमान

मुंबई ते मेलबर्न, जवळजवळ दहा हजार किलोमीटर. थेट विमानानं बारा-साडेबारा तास. हे मी मावशीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलं होतं, गावासाठी काढते त्या पत्रकांवर लिहिते तसं ठसठशीत. खाली : ‘मंगळवार, रात्री एक वाजून दहा मिनिटं.’ तिची एकुलती लेक तिकडं बाळंत व्हायची होती. बुधवारी सकाळी सिझर ठरलेलं. आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही, असं ती फोनवर रडून सांगायची.

सोमवारी दुपारी चार वाजता मावशी डिंभ्यातल्या घरी दुपट्यांच्या घड्या करत होती. लेकीचा फोन मी उचलला.

“निघालात का?”

“उद्या दुपारी निघू की.”

ती ओरडली, “अगं, आज रात्रीचं विमान आहे! बारा वाजले की मंगळवारच ना!”

मी भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. आमच्याकडं दिवस उगवल्याशिवाय वार बदलत नाही. सोमवारचा उपवास पहाटेपर्यंत सोमवारचाच. धरणाच्या पाण्यावरचा हक्क गावाला समजावून सांगणारी मी, मीही तसंच मोजलं होतं.

चारची बस आलीच नव्हती. ती वेळेवर येत नाही म्हणून मी दोन पत्रकं काढलीत. मेलबर्नचा वेळ मिनिटांत सांगतात, आणि डिंभ्याहून हायवेवरच्या मंचरला किती लागेल ते कुणीच सांगू शकत नाही! पण तेव्हा संतापून काय उपयोग? शेजारचा मासेवाला पिकअपमध्ये क्रेट चढवत होता.

“भाऊ, मंचरला सोडा. मावशीचं विमान आजच हाये.”

“उद्या व्हतं न्हवं?”

“माझं चुकलं.”

“पत्रकवालीचं?” हसत त्यानं क्रेट खाली उतरवले. “बसा. वास लई येईल, बोलायचं न्हाई.”

मंचरहून भाड्याची गाडी केली. चाकणला ट्रकांच्या रांगेत पाऊण तास गेला. मावशी पुढच्या काचेवरून नजर हलवत नव्हती.

“समद्या गावाला शहाणं करतीस, अन् तुला वार मोजता येईना व्हय?”



विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. दारावरच्या जवानानं तिचा पासपोर्ट बघितला आणि मला अडवलं.

“ऱ्हा तू हितंच,” मावशी म्हणाली. “मला तोंड हाये.” बॅग ओढत ती एकटीच आत गेली, मागं वळली नाही.

काचेबाहेर मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी फोन वाजला. “बसले गं. पट्टा बांधा म्हनत्यात. ठिव.”

लेकीला फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला. ती तिकडून “चुकलं का? सांग ना, चुकलं का?” म्हणत राहिली.

“बसली,” मी म्हटलं.