हंड्यावर कोरलेला टॅक्स

भांड्यांच्या दुकानात किस्से पातेल्यांसारखे एकात एक बसलेले असतात. एक काढायला जावं, तर तीन बाहेर येतात. पिंप्राळ्यातलं हे दुकान दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. मी शाळा सोडून त्याच्या हाताखाली लागलो. आताही दुपारी ऊन डब्यांवर आलं, की तो प्रत्येक डब्यात थोडा थोडा बसलाय असं वाटतं.

*

जीएसटी नवा होता. एक अक्का कुकर घ्यायला आल्या आणि त्यांनी पिशवीतून धुळ्याच्या दुकानाचं बिल काढलं. "आख्ख्या देशात एकच टॅक्स ना? मी तिकडे भरलाय."

दादाने बिल नीट वाचलं, घडी घालून परत दिलं. "अक्का, हा पातेल्याचा आहे. कुकरचा राहिलाय."

*

बिलावर अर्धा टॅक्स केंद्राचा, अर्धा राज्याचा. शेजारचे गुरुजी म्हणाले, "केंद्राचा लाव. राज्याचा मी मुंबईला गेलो की समक्ष देईन."

मी हसलो. दादा म्हणाला, "पावती मात्र आणा, गुरुजी."

*

एक बाई सहा महिन्यांनी डिनर सेट घेऊन आली. "माळ्यावरच होता. वापरलाच नाही, तर वापराचा टॅक्स परत द्या."

मी तिच्यावर ओरडणार होतो. दादाने त्याच सेटमधला पेला धुतला, पाणी भरून तिला दिला. ऊन होतं, ती घटाघटा प्यायली.

"झाला वापरून," दादा म्हणाला.

*

भांड्यावर नाव घालायचं मशीन आमच्याकडे आहे. चोपड्याच्या आबांनी हंडा घेतला, पण नाव नको म्हणाले. "बठ्ठा टॅक्स भरेल शे, असं लिखी दे. परत कोणी मागाले नको."

दादाने रेखीव अक्षरात कोरलं, 'कर भरला आहे'. खाली दुकानाचा जीएसटी नंबर. आबा हंडा डोक्यावर घेऊन गेले.

*

मग दादा गेला. टॅक्सचे वकील म्हणाले, "गेलेल्या माणसाचा नंबर चालत नाही. तुझ्या नावाने नवा काढ, नाहीतर दुकान बंद ठेव." मी नव्या नंबरचा फॉर्म रोज काढायचो, आधीच्या मालकाच्या रकान्यात दादाचं नाव वाचायचो, परत ठेवायचो. सही होत नव्हती. शटर अर्धंच असायचं.

त्या अर्ध्या शटरखालून आबा हंड्यासकट आत आले. दादाला ते भाऊ म्हणायचे.

"भाऊना नंबर बंद व्हई म्हणे. मंग मना टॅक्सनं काय?"

"आबा, तो भरलेलाच आहे."

त्यांना पटेना. "खाले तुना नंबर लिखी दे."

"मला नंबरच नाही."

"मंग काढ." हंडा टेकवून ते स्टुलावर बसले. "मी बसस."

किती वेळ बसले कोण जाणे. ऊन एका डब्यावरून दुसऱ्यावर गेलं. शेवटी मी सही केली.

नंबर आला त्या दिवशी आबा पुन्हा हजर. मी शटर पूर्ण वर केलं. दादाचं मशीन सुरू केलं. आबांनी हंडा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला.

"धीरे चालव," ते म्हणाले. "भाऊना अक्षरले धक्का लागाले नको."