आत्यांनी न पाहिलेला सिनेमा

शनिवार, २२ मार्च. दिवसभर अवकाळी पाऊस. कपडे वाळले नाहीत, खुर्च्यांच्या पाठींवर पसरले. धाकट्या नातीला कणकण. दुपारी टीव्हीवर जुना सिनेमा लागला, अर्ध्यात वीज गेली. वन्सं रात्री जेवल्या नाहीत.

एवढं लिहून आजींनी पेनाला टोपण घातलं. शेवटच्या वाक्याचं कारण लिहायला हात धजेना. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकत होत्या तेव्हापासून त्यांची डायरी कधी चुकली नव्हती आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, ही सवय अंगात मुरलेली. मुलगा म्हणायचा, "आई, तुझी डायरी म्हणजे पंचनामा." आजींना ते कौतुकच वाटायचं. आज तो शब्द टोचला.

वन्सं म्हणजे त्यांच्या यजमानांची थोरली बहीण. घरातले सगळे त्यांना आत्या म्हणत, नातीसुद्धा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने टाकलं, तेव्हा त्या पत्र्याची ट्रंक घेऊन भावाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. कुणाला भार नको म्हणून शिंप्याकडून काज-बटणांचं काम आणायच्या. शर्टांचा गठ्ठा मांडीशी, सुई हातात, दोरा दातात. शनिवारी संध्याकाळी आजी आणि यजमान सिनेमाला जायचे तेव्हा मुलांपाशी आत्या थांबायच्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप अंगवळणी पडून गेलं होतं.

रविवारची सकाळ मात्र आत्यांची. काजं करता करता त्या म्हणायच्या, "हं, सांग आता. पडद्यावर नावं येतात तिथपासून." आजी सांगायच्या. एकही प्रसंग न गाळता, कोण कुठे उभं होतं, कुणी काय घातलं होतं, शेजारच्या खुर्चीतली बाई कुठे रडली, मध्यंतरात दिवे लागल्यावर कोण कोण डोळे पुसत होतं. आत्या सुई न थांबवता "मग?" म्हणायच्या. एखादं काज बिघडून उसवायला घेतलं, की समजावं गोष्ट रंगली.

तर शनिवारी दुपारी टीव्हीवर त्यांतलाच एक लागला, दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचा. आत्या खुर्ची ओढून पुढे बसल्या. पडद्यावर वादळ सुरू झालं आणि नेमकी इकडे वीज गेली. मुली हिरमुसल्या.

"असू दे," आत्या म्हणाल्या, "पुढचं मी सांगते. ती काय करते, तशा वाऱ्यात वर चढते आणि आपला निळा स्कार्फ कठड्याला बांधते..."

"आत्या, सिनेमा तर काळा-पांढरा आहे," थोरली नात म्हणाली. "निळा कसा कळला?"

"थिएटरातला पडदा मोठा असतो गं. तिथे कळतं. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या शेजारची बाई तर हुंदके देत होती."

आजी ओलसर टॉवेल झटकत होत्या. त्यांना हसू आलं. "आम्ही म्हणजे कोण, वन्सं? तुम्ही कुठे आला होतात? तुमच्या ह्या भाच्याला गोवर आला होता, तुम्ही घरी होतात. मला तारीखवार आठवतं."

"हो ना," मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "कायम आत्याच असायची आमच्यापाशी."

"म्हणजे आत्या एकदाही गेली नाही?"

नातीचा प्रश्न साधा होता. खिडकीच्या पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत राहिला.

"नाही गं," आत्या म्हणाल्या. "मला कुठला वेळ." त्या उठल्या, एका खुर्चीवरचा परकर उगाच दुसऱ्या खुर्चीवर टाकला आणि आत गेल्या.

मग आजींच्या ध्यानात आलं. निळा रंग त्यांचाच होता. थिएटरबाहेर रंगवलेलं भलंमोठं पोस्टर होतं, त्यातला निळा त्यांनी सांगताना सिनेमात घातला होता. तिसरी रांग त्यांची. हुंदके देणारी बाईही त्यांच्याच शेजारची. आत्यांनी पदरचं काहीच घातलं नव्हतं. मिळालं होतं ते इतकी वर्षं जपून जसंच्या तसं परत काढलं होतं. आणि मुलींसमोर आपण त्यांना खोटं पाडलं, तेही हसत. आजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

रविवारी पाऊस तसाच. चहा घेताना मुलगा म्हणाला, "कालचा सिनेमा आज दुपारी पुन्हा दाखवणारेत."

आजींनी संधी साधली. "वन्सं, मला शेवट नीटसा आठवत नाही हो. तुम्हीच सांगा मुलींना."

आत्यांनी कप खाली ठेवला. "तुला आठवत नाही? मागच्या उन्हाळ्यात भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं, तेसुद्धा आठवतं तुला. मला लहान मूल समजू नकोस, मास्तरीणबाई."

मुली खिदळल्या. आजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या कप विसळायला गेल्या, तशा त्या मागोमाग गेल्या.

"काल मी बोलायला नको होतं."

"खोटं कुठे बोललीस? नव्हतेच गेले मी." आत्यांनी नळ बंद केला. "पण मी गेले नाही, असं मला कधी वाटलंच नव्हतं गं. तू सांगायचीस, मी जाऊन यायचे. काल पोरींसमोर कळलं."

आजी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "आता जाऊ या एकदा. दोघीच."

"आता? त्या अंधारात, त्या पायऱ्यांवर? तू मला धरणार की मी तुला?" आत्या जरा हसल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक. पण विचारायचं होतंस."

आजींनी विसळलेला कप पुन्हा विसळला.

दुपारी सिनेमा लागायच्या वेळी धाकटीच्या अंगात ताप होताच. आत्या सवयीने उठून आतल्या खोलीकडे निघाल्या. "आज मी बसते हिच्यापाशी," आजी म्हणाल्या. "तुम्ही बघा." आत्यांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

आजी नातीच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. भिंतीपलीकडून संवाद ऐकू येत, कधी संगीत, कधी नुसतीच वाऱ्याची घरघर. पडद्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. इतक्या शनिवारी आपण बाहेर पडताना मागे वळून एकदा तरी पाहिलं होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं. तारीखवार आठवणाऱ्या त्या बाईला एकही वेळ सापडली नाही.

सिनेमा संपल्यावर आत्या दारात आल्या. नातीच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"कसा वाटला?" आजींनी विचारलं.

"बरा आहे. तू सांगितलेला मोठा होता."

संध्याकाळी थोरली नात आत्यांना बिलगली. "आत्या, आता दुसरा कुठला तरी सांग ना."

"आजीला विचार. ती गेली होती."

त्यात टोमणा नव्हता. असता तर आजींना सोसवला असता. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि एक सिनेमा पहिल्यापासून सगळा क्रमाने सांगायला घेतला. निम्म्यातच नात जांभई देऊन उठून गेली. आत्या खिडकीशी बसून फ्रॉकची उसवलेली शिवण घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दिवा लावून आजी डायरी घेऊन बसल्या. मग त्यांनी लिहिलं: रविवार, २३ मार्च. पाऊस चालूच. भात होत असताना गॅस संपला, नवा सिलिंडर लावला. सिनेमाचा शब्द न लिहिता त्यांनी पेनाला टोपण घातलं.