न उगवलेला जंतू

माझी भाची दोन वर्षांची असताना एकदा अशी आजारी पडली की माझीसुद्धा थट्टामस्करी बंद पडली. आधी दोन दिवस ताप, मग उलट्या, आणि तिसऱ्या सकाळी मान पुढे वाकवेना. बहिणीने तिला उचलून हडपसरला, घराजवळच्याच एका इस्पितळात नेलं. मी बुधवार पेठेतलं दुकान बंद करून रिक्षाने धावलो.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी भाचीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढून घेतलं होतं आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली होती. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, एवढं त्या पाण्यावरून कळलं होतं. सूज कशामुळे, ते कळायचं होतं.

"म्हणजे आता पुढे काय?" मी विचारलं.

"पाणी थाळीत घालून ठेवलंय. जंतू असले तर उगवतील. उगवले की ओळख पटते."

"थाळीत ते खातात काय?" मला राहवेना.

"मेंढीचं रक्त. एक थाळी गरम करून तपकिरी करतात, तिला आम्ही चॉकलेटची म्हणतो. तुम्ही चाखू नका."

बाई पुण्याच्याच, शंका नाही.

बहिणीला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. "डॉक्टर, हिला एकूण एक लस दिलीय हो. न्यूमोनियाचीसुद्धा. पोलिओच्या रविवारी बूथवाल्यांच्या आधी मी जाऊन उभी असते. मग हे कसं?"

"आमच्या शिकायच्या दिवसांत अशी मुलं वॉर्डात कायम असायची. लशी आल्या आणि ती दिसेनाशी झाली. पण न्यूमोनियाचा जंतू मेंदूच्या आवरणातही शिरतो, आणि त्याचं खानदान मोठं आहे. लस त्यातल्या काहींनाच ओळखते. अडवलेल्यांच्या जागी त्यांचे चुलतभाऊ येऊन बसतात का, ते बघावं लागतं. म्हणून आता जे एखादं मूल येतं, त्याची कसून चौकशी करायची."

मला तर हे भलतंच आवडलं. जंतूंमध्येसुद्धा भाऊबंदकी!

पण थाळीत काहीच उगवलं नाही. बाई खाटेशी आल्या तेव्हा आम्ही सगळे होतो: बहीण, मेव्हणे, आणि मेव्हण्यांचे वडील, म्हणजे आबा. आबा मूळ हडपसर गावचे शेतकरी.

"विषाणूचा ताप असेल तर ही इंजेक्शनं बंद करून घरी सोडता येईल," बाई म्हणाल्या. "जंतू असेल आणि आपण मधेच थांबलो, तर मेंदूला इजा होईल, कान जातील. म्हणून पुन्हा विचारते. इथे आणायच्या आधी घरी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतंत? दिलं असेल तर जंतू आधीच अर्धमेले झालेले. मग या रिकाम्या थाळीवर विश्वास ठेवता येणार नाही."

"तापाच्या औषधाशिवाय थेंब नाही," बहीण ठामपणे म्हणाली. मेव्हण्यांनी मान हलवली. आबा पंख्याकडे बघू लागले.

मी तरुणपणी एकांकिका स्पर्धा गाजवल्या आहेत, निदान माझ्या मते. वाक्य विसरलेला नट असाच वर बघतो. मागे एकदा आबांनी तान्ह्या नातवाला, म्हणजे भाचीच्या थोरल्या भावाला, मध चाटवला होता, तेव्हा बहिणीने त्यांना फैलावर घेतलं होतं. सरळ विचारलं असतं तर आबा बोलले नसते. मी त्यांना फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे नेलं आणि पडदा वर केला.

"आबा, या डॉक्टर लोकांना काय कळतंय? आमच्याकडे थोरल्याचं उरलेलं औषध फ्रिजच्या दारात असतंच. धाकट्याला ताप आला की तेच पाजायचं."

"असतंच की!" आबा खुलले.

"पण प्रमाण कळायला अनुभव लागतो. येरागबाळ्याचं काम नाही."

"त्यात काय अवघड हाय? थोरल्याला टोपणभर, तर हिला अर्धं. म्या दोन दिस दिलं की..." कप ओठांपाशीच थांबला. "पाव्हणं, सुनंला सांगू नगा."

"सुनेला नाही, डॉक्टरांना सांगायचंय. आणि तुम्हीच. किती दिलं, केव्हा दिलं, ते तुम्हालाच ठाऊक."

आबांनी उरलेला चहा ओतून दिला आणि माझ्यापुढे चालू लागले. वर जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, तेही सुनेसमोर.

"बरं झालं बोललात. ते अँटिबायोटिकच होतं," बाई म्हणाल्या. "इंजेक्शनं पूर्ण द्यायची. आणि मेलेल्या जंतूचे अवशेष ओळखणारी तपासणी असते, ती करू."

बहीण आबांकडे वळली. मग म्हणाली, "आबा, आता पाटी लावून दवाखानाच काढा."

तपासणीत न्यूमोनियाचाच जंतू निघाला. खानदानातला नेमका कोण, ते शोधायला नमुना पुढे गेला. भाची हळूहळू उठून बसली, बिस्किट मागू लागली. राहिले कान. त्यांची तपासणी मूल झोपलेलं असतानाच होते, आणि ही बया कोणाच्याच मांडीवर झोपेना. शेवटी बहिणीने तिला उचललं आणि आबांच्या पुढ्यात धरलं.

"घ्या. पण पाजायचं काही नाही."

आबांनी सवयीने अंगाईला सुरुवात केली. तपासणीचं यंत्र चालवणाऱ्या मुलीने त्यांना गप्प केलं, इथे शांतता लागते म्हणून. मग ते तोंड मिटून नुसतेच डोलत राहिले. पोर झोपली. कानात यंत्राची टिकटिक सुरू झाली, आणि आम्ही सगळे त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तिने दुसऱ्या कानातली नळी काढली.

"दोन्ही कान छान आहेत," ती म्हणाली. "आजोबा, आता गा."